बत्तीसने भागून बघा : मोठ्या मापाच्या विमान-मॉडेलांविषयी वाचकांचे प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत मिगच मिग आहेत. १९६३ पासून जे विमान आपल्या आकाशात होतं, ते आता लोकांना स्वतःच्या हाताने उभं करावंसं वाटतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. या वेळी मिगचे दोन प्रश्न घेतलेत, बाकीचे मुख्यतः १/३२ मापाच्या, म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या, इतर किटांचे. वाचताना कॅल्क्युलेटर हाताशी असू द्या. या मापातले निम्मे वाद खऱ्या विमानाचा आकडा ३२ ने भागला की मिटतात.

प्रश्न : माझे वडील ओझरच्या एचएएल कारखान्यात मिग-२१ एफएलच्या जोडणीवर होते. आता ते ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी १/३२ मध्ये एफएल बनवायचं आहे, पण मला मिळालेलं किट एमएफचं आहे. नुसती डिकल (चिकटवायची चिन्हं) बदलून भागेल का? (नाशिक)

नाही भागणार. एफएल आणि एमएफ ही मिग-२१ ची दोन वेगळी रूपं आहेत. वडील पहिल्या नजरेत ओळखतील की हे आपलं विमान नव्हे.

एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, पुढच्या काचेसकट अख्खी वर उचलली जाते, तिची बिजागरी पुढे असते. एमएफमध्ये पुढची काच जागेवर राहते आणि मागचा भाग उजवीकडे कलतो. कॅनॉपीमागचा पाठीचा कणा एफएलमध्ये बारीक आहे, एमएफमध्ये चांगला जाड. एफएलच्या पंखांखाली दोन पायलन (शस्त्रं टांगायचे आधार), एमएफच्या चार. एमएफच्या पोटात जीएसएच-२३ तोफ बसवलेली असते. एफएलमध्ये तोफच नव्हती, ती पोटाखाली जीपी-९ पॉडमध्ये टांगावी लागे, आणि १९७१ च्या युद्धात आपल्या वैमानिकांनी तशीच वापरली. नाकावरची, वेग मोजायची पिटो नळी एफएलमध्ये बरोबर मध्यावर, एमएफमध्ये उजवीकडे सरकलेली. शेपटीच्या बुडाशी असलेला ब्रेक-पॅराशूटचा डबा मात्र दोन्हींत आहे, त्याला हात लावू नका.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे एफएलचा हट्ट सोडून टाइप ९६, म्हणजे मिग-२१ एम करायचं. एफएलनंतर ओझरला तेच बनत होतं, बाहेरून ते एमएफच्या अगदी जवळचं आहे आणि किटला फारशी कापाकापी लागत नाही. वडील पुढे त्याही जोडणीवर असतील तर हे मॉडेल त्यांचंच झालं.

अवघड वाट म्हणजे एफएलच. धडाचे दोन्ही अर्धे जोडण्याआधी किटचा कणा वरून कापून टाका. आत प्लॅस्टिक शीटचे आडवे साचे उभे करा, त्यांवर एम-सील चढवा, वाळलं की घासत आकार आणा. कॅनॉपीसाठी सागाच्या तुकड्याचा साचा कोरून त्याला आरशासारखं पॉलिश करा आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा गरम करून त्यावर ताणा. पहिले काही पत्रे वाया जातील, म्हणून जास्तीचे आणून ठेवा. मोजमापांसाठी दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातलं मिग-२१ बाजूने, अगदी काटकोनात उभं राहून पाहता येतं. नुसत्या पुस्तकातल्या आराखड्यावर कणा कोरू नका.

रंगाच्या बाबतीत एफएल उदार आहे. ही विमानं बराच काळ धातूच्या उघड्या रंगात उडाली, १९७१ मध्ये काहींवर घाईघाईने हिरवट-मातकट पट्टे मारले गेले. मी तुमच्या जागी असतो तर धातूचाच रंग निवडला असता. त्याला चकचकीत काळं अस्तर लागतं आणि त्या अस्तरावर केसाएवढा ओरखडाही लपत नाही, तेव्हा २००० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासत जा. एकसारखी चांदी मारू नका. काही पत्रे झाकून बाकीच्यांवर किंचित गडद थर द्या. एक्झॉस्टभोवतीचा मागचा भाग उष्णतेने काळवंडलेला असायचा, तो तसाच दिसू द्या.

आणि एक करा. सुरुवात करण्याआधी वडिलांना विचारा की ते कोणत्या विभागात होते. ओझरला विमानाचा सांगाडा बने, इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून येई, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून. म्हणजे तुमच्या वडिलांचे हात पत्र्यावर आणि रिव्हेटवर फिरलेत. ते पंखाच्या विभागात असतील तर पंखावरच्या पत्र्यांच्या जोडांच्या ओळी त्यांच्या समोर बसून मारा. कोणती ओळ दुहेरी आणि कोणता झाकणाचा पत्रा स्क्रूने लागायचा, हे ते आजही सांगतील, आणि असली माहिती कुठल्याच किटच्या कागदावर छापलेली नसते.

प्रश्न : एमएफ पूर्ण झालं, चाकांवर ठेवलं आणि शेपटीवर बसलं. सूचनापत्रात वजनाचा उल्लेखच नव्हता. आता काय करू? (ठाणे)

मिगच्या नाकात हवेचं भोक असतं, त्यामुळे इतर जेटसारखं नाक शिशाने भरता येत नाही. पण त्या भोकातला शंकू पोकळ असतो, तो गच्च भरा. उरलेलं वजन कॉकपिटच्या तळाखाली आणि पुढच्या चाकाच्या खोबणीभोवती जातं. तुमचं मॉडेल बंद झालेलं असल्यामुळे शंकू काढता आला तर तोच मार्ग. नाही तर मागच्या नळकांड्याखाली पारदर्शक काडीचा टेकू द्या आणि पुढच्या किटला आधीच काळजी घ्या.

ती अशी. धड, पंख, शेपूट नुसत्या टेपने जोडा. मुख्य चाकं जिथे येणार त्या दोन बिंदूंवर मॉडेल बोटांवर तोला. नाकाकडे झुकेपर्यंत शिसं ठेवत जा, मग वर पावपट आणखी. रेझिनचं (वेगळं विकत मिळणारं, ओतीव) कॉकपिट किंवा एक्झॉस्ट घालणार असाल तर तेही तोलताना आत ठेवलेलं हवं.

मासेमारीच्या दुकानात मिळणारी शिशाची वजनं उत्तम, पण ती पांढऱ्या गोंदाने कधीही चिकटवू नका. त्या गोंदातून हळूहळू सुटणारं आम्ल शिशाला खातं, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती फुगते. दोन-चार वर्षांनी जोड आतून फाटून नाक उकलतं. अराल्डाइट वापरा. वजन वाढलं की प्लॅस्टिकचे पाय वाकतात, म्हणून पायात उभं भोक पाडून पितळी तार घाला. पांढऱ्या धातूचे तयार पाय दिसायला भारी असतात, पण तेही मऊच. मी पितळी घेतो.

प्रश्न : जुलैत लॅकर क्लिअर (शेवटचा पारदर्शक थर) मारला आणि अख्ख्या विमानावर पांढरी धुरी आली. रंग खराब होता का? (रत्नागिरी)

रंग बहुतेक चांगलाच होता. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्या ओल्या थरावर बसते. कोकणात जून ते सप्टेंबर हे होणारच. घासू नका, सोलू नका. त्याच कंपनीचं सावकाश उडणारं थिनर किंवा रिटार्डर घातलेलं थिनर अगदी हलक्या फवाऱ्याने वरून मारा. थर पुन्हा किंचित विरघळतो, ओल बाहेर पडते, धुरी जाते.

पुढच्या वेळी ओल पकडणारा फिल्टर कॉम्प्रेसरपाशी न लावता एअरब्रशच्या जवळ लावा, कारण नळीतून जाताना हवा गार होते आणि पाणी तिथेही सुटतं. टाकीच्या बुडाचा स्क्रू काम संपल्यावर रोज उघडा, पावसाळ्यात पेलाभर पाणीसुद्धा निघतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर ब्रश धुवायला ठेवा, शेवटच्या थराला नको. खिडकी उघडी आणि तोंडावर सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क, हे बाराही महिने. कापडी मास्क या वाफा अडवत नाही.

प्रश्न : काकांच्या घराच्या माळ्यावर १९७० च्या आसपासचं १/३२ स्पिटफायर सापडलं. सगळीकडे उठलेले रिव्हेट आणि उठलेल्या ओळी. सगळं घासून गुळगुळीत करून नव्याने कोरू का? (कोल्हापूर)

सगळं नको. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या धडाच्या मागच्या भागावर खरोखरच घुमटाकार डोक्यांचे रिव्हेट होते. पंख आणि धडाचा पुढचा भाग सपाट रिव्हेटांचा. म्हणजे जुन्या किटने धडाच्या मागे केलेलं चुकीचं नाही, फक्त मोठं केलंय. तिथला रिव्हेट अर्धा मिलिमीटर असेल तर खऱ्या विमानावर तो १६ मिलिमीटरचा, बोल्टच्या डोक्याएवढा झाला. ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात हलके हात मारत तो जेमतेम बोटाला लागेल इतका खाली आणा आणि थांबा.

पंखावरचं मात्र पूर्ण घासा. घासण्याआधी प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना सुईने ठिपका द्या, नाही तर ओळी कुठे होत्या ते कळायचं नाही. कोरताना जाड चिकट लेबल-टेपचा काठ धरून सुई नुसती ओढायची, दाबायची नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तर फक्त वाट पडते. ओळ ०.१ मिलिमीटरच्या आसपास राहिली पाहिजे, कारण ०.३ ची ओळ म्हणजे खऱ्या पत्र्यांत जवळजवळ एक सेंटिमीटरची फट. सुई घसरली तर ओरखड्यात सुपर ग्लूचा थेंब भरून वाळवा आणि तिथूनच पुन्हा कोरा. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी ओळीचे काठ ढासळतात, सुपर ग्लूवर ते धारदार येतात.

ओळींत काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) ओतायची जी पद्धत पडली आहे, ती मोठ्या मापाला मुळीच शोभत नाही. मूळ रंगाहून दोन छटा गडद, एवढंच पुरे.

प्रश्न : १/३२ च्या कॉकपिट आणि इंजिनासाठी रेझिनचे संच किटच्याच किमतीत पडतात, वर कस्टम्स. त्यांच्याशिवाय चांगलं होतं का? (पुणे)

होतं, आणि मला ते जास्त आवडतं. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन घ्या. १२ सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे २४ प्लगवायरी. खरी वायर ८ मिलिमीटरची धरली तर १/३२ मध्ये पाव मिलिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात ०.७५ ची साधी लवचीक वायर मागा: तिच्यात ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतात. एका तुकड्यात तुमचं एक मर्लिन झालं. तार मेणबत्तीवर क्षणभर तापवून घेतली की मऊ पडते आणि वळवल्यावर परत उसळत नाही. ०.३ च्या ड्रिलने भोकं पाडा, सगळ्या तारा आधी प्लगच्या टोकाला चिकटवा आणि मग एकत्र करून मुख्य नळीत घाला. उलटं केलंत तर लांबी जुळत नाही.

तोफांच्या नळ्या आणि पिटोसाठी औषधाच्या दुकानातल्या इंजेक्शनच्या सुया आणा. २२ नंबरची सुई बाहेरून ०.७ मिलिमीटर, ३० ची साधारण ०.३, एकीत दुसरी सरकवली की पायरीदार नळी तयार. कानशीने तिरपं टोक आधी सपाट करा आणि तुटलेले तुकडे घरातल्या कचऱ्यात उघडे टाकू नका.

खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपचे करा. ५ सेंटिमीटरचा पट्टा ३२ ने भागून दीड मिलिमीटर. पितळी पट्टा ताठ राहतो, टेप खुर्चीच्या कडेवरून कापडासारखी घरंगळते. बकल मात्र पितळीच घ्या, तेवढा खर्च वाजवी आहे. मिगचं कॉकपिट करत असाल तर एमएफ आणि नंतरच्या विमानांचा तो निळसर हिरवा रंग थोडा फिका करून मारा; इतक्या लहान खोबणीत अंधार आपोआप येतो.

प्रश्न : ब्रह्मदेशातल्या भारतीय स्पिटफायरवर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ दाखवलं तर चालेल? (न्यू जर्सी)

चालणार नाही. १९४४-४५ मध्ये आपल्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने तिथे स्पिटफायर मार्क ८ उडवली, आणि टामियाचं १/३२ मार्क ८ त्यासाठी अगदी योग्य आहे. पण त्या आघाडीवर वर्तुळातला लाल रंगच काढून टाकला होता, जपानी सूर्याशी गफलत होऊ नये म्हणून. गडद निळ्यात फिका निळा ठिपका, आणि पंख-शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टे. स्वातंत्र्यानंतर काही काळ वर्तुळात निळं अशोकचक्र होतं, तिरंगी वर्तुळ त्याच्या नंतरचं. या मापात वर्तुळं डिकलची न लावता टेपचा मास्क (झाकायचा साचा) कापून रंगानेच मारा. डिकलच्या पारदर्शक कडा १/३२ मध्ये लांबूनही चमकतात.

प्रश्न : वन बीएचकेत राहतो. १/३२ लँकॅस्टर घेऊ का? (डोंबिवली)

खऱ्या लँकॅस्टरचा पंख ३१ मीटरचा, म्हणजे मॉडेल ९७ सेंटिमीटर रुंद आणि ६६ लांब. पंख्याखाली टांगता येणार नाही आणि कपाटावर ठेवलं तर धूळ पुसतानाच अँटेना तुटतील. त्याऐवजी १/३२ मॉस्किटो घ्या. ५२ सेंटिमीटरमध्ये बसतं, दोन मर्लिन उघडी दाखवता येतात, आणि ते लाकडी विमान होतं, त्यामुळे पंखांवर रिव्हेट मारत बसावं लागत नाही.