गेममध्ये जिंकण्याची शक्यता जास्त दिसत असताना हरलो की इतका राग का येतो? डिझायनर आकडे बदलतात का?

हो, काही वेळा बदलतात. गेम डिझायनर सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ‘सिव्हिलायझेशन’ या आपल्या साम्राज्य उभारण्याच्या गेमचा अनुभव सांगितला होता. लढाईत ३ विरुद्ध १ असं बळ असताना हरलं की खेळाडू चिडायचे. गणिताने सरासरी चारातली एक लढाई जाणारच, पण मनाला ते पटत नाही. उलट १ विरुद्ध ३ असताना जिंकले, तर तक्रार नाही. ते स्वतःचं कौशल्य वाटतं! २ विरुद्ध १ च्या लढाया लागोपाठ दोनदा हरल्या, की कॉम्प्युटर मुद्दाम डूख धरतोय असं वाटायचं. म्हणून टीमने आधीच्या लढाईचा निकालही हिशोबात धरायला सुरुवात केली. निव्वळ करमणुकीच्या गेममध्ये मला हे योग्यच वाटतं. पैसे लावायचे असतील तिथे मात्र अजिबात नाही.