सुधारणा दिसत असताना वडील अचानक कसे गेले?

प्रश्न : माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग होता. तीन केमोनंतरच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. पुढच्याच आठवड्यात, सकाळी बाथरूमकडे जाताना त्यांना एकदम धाप लागली, ते कोसळले आणि अॅम्ब्युलन्स येण्याआधीच गेले. दोन दिवसांपासून त्यांची डावी पोटरी सुजून दुखत होती. मी ती तेल लावून चोळली होती. अशा दुखण्याबद्दल आम्हाला कोणी काही सांगितले नव्हते. भाऊ म्हणतो, ‘डॉक्टरांना कळवायला हवे होते.’ माझ्यामुळे ते गेले का?

उत्तर : ताई, ‘तुमचा काही दोष नाही’ एवढ्यावर तुमचे समाधान झाले असते, तर तुम्ही हे पत्र लिहिलेच नसते, म्हणून जे घडले असावे ते नीट सांगते.

कर्करोगामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हे पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच मांडले होते. फुप्फुसाच्या कर्करोगात हा धोका विशेष असतो आणि काही केमो औषधांनी तो आणखी वाढतो. पायाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या धमनीत अडकली, तर माणूस काही मिनिटांतही जाऊ शकतो. गाठ लहान होत असली तरी हा धोका टळलेला नसतो. अचानक मृत्यूची इतरही कारणे असतात, जसे की मोठी रक्तवाहिनी फुटून खोकल्यातून होणारा रक्तस्राव, हृदयाभोवती साचलेले पाणी किंवा हृदयविकाराचा झटका. परंतु सुजलेली पोटरी आणि एकाएकी लागलेली धाप पाहता गुठळीची शक्यता मला सर्वाधिक वाटते. शवविच्छेदनाशिवाय खात्रीने मात्र सांगता येणार नाही.

आता चोळण्याविषयी. गुठळीची शंका असलेला पाय चोळू नये, असे डॉक्टर सांगतात हे खरे आहे; पण ती शंका तुम्हाला यावी कशी? शिवाय अशी गुठळी नुसते उठून चालल्यावर, अगदी अंथरुणात पडल्यापडल्याही सुटू शकते, त्यामुळे तुमच्या हातामुळे ती सुटली असे कोणीही, तुमचा भाऊसुद्धा, म्हणू शकत नाही. एकच पाय सुजला, अचानक दम लागला किंवा थुंकीतून रक्त आले तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे, हे पहिल्या केमोच्या वेळीच घरच्यांना सांगितले गेले पाहिजे, आणि ते अनेकदा राहून जाते, याची मला मनापासून चीड येते. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधे असतात, पण ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

वडिलांना फार यातना झाल्या असतील का, असेही तुमच्या मनात येत असेल. मोठी गुठळी अडकली की मेंदूचा रक्तपुरवठा घटून शुद्ध लवकर हरपते. ते लगेच कोसळले, त्या अर्थी त्यांना बहुधा फार वेळ काही जाणवले नसावे.

फाइल आणि शेवटचे स्कॅन घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेळ मागा, आणि भावाला सोबत न्या. पोटरीची गोष्ट त्याच्यासमोर तुम्हीच काढा, म्हणजे उत्तर दोघे एकाच वेळी ऐकाल. तोवर झोप उडत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.