पहिल्या खेपेच्या कळा सुरू झाल्या की लगेच दवाखाना गाठावा का, आणि तोवर घरी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बायकोला नववा सरत आलाय, पहिलीच खेप आहे, घर खानापूर तालुक्यात आणि दवाखाना बेळगावात. शेवटी एक वाक्य घातलंय : "आई म्हणते, आताच्या पोरींना कळा सोसायला नकोत." त्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले.

माझं माहेर जांबोटीच्या बाजूला. २०११ चा जुलै. हे गोव्यात कामाला, चोर्ला घाटात धुकं आणि पाऊस, लगेच येणं शक्य नव्हतं. रविवारी रात्री नऊच्या सुमारास कंबर धरली. पाळीत दुखतं तसंच, पण पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि मिनिटभरात सुटायचं. वीस मिनिटांनी एक, मग पंधरा, मग चाळीस मिनिटं काहीच नाही. घरात एकच धावपळ. झाड पडलं तर रस्ता बंद होईल म्हणून शेजारच्या काकांनी जीप काढली. जाऊबाईंचा सासरहून फोन आला, "ओरडू नको गे, लोकं काय म्हणतील. सोसायचं."

साडेदहाला बेळगावात. तपासून सांगितलं, गर्भपिशवीचं तोंड एकच बोट उघडलंय. पावसात परत कुठे पाठवणार, म्हणून ठेवून घेतलं. खायचं नाही, उठायचं नाही, उताणी पडून राहायचं. आई बाहेरच्या बाकावर, आत माझं माणूस कुणी नाही. जाऊबाईंचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून प्रत्येक कळेला मुठी आवळल्या, दात खाल्ले, श्वास कोंडला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाळी बदलली, नवी नर्स बैलहोंगलकडची, फक्त कन्नड बोलणारी. तिनं विचारलं, "ब्यानी यावाग शुरू आतु?" कळा कधी सुरू झाल्या, एवढं कन्नड मला कळत होतं. मी सांगितलं, काल रात्री नऊला. तिनं ते कागदावर लिहिलं.

दुपारी डॉक्टरांनी तो कागद पाहिला. इतके तास होऊन तोंड उघडत नाही म्हणाले आणि सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. त्या कळा वेगळ्याच होत्या. तोवर माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. संध्याकाळी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सातला सिझर झालं. मुलगा सुखरूप, आता माझ्यापेक्षा उंच आहे. ठोके कमी झाल्यावर सिझर करणंच बरोबर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बारशाला भरल्या घरात जाऊबाई म्हणाल्या, "हिला कळा सोसल्या नाहीत, म्हणून पोट फाडावं लागलं." मी मांडीवरचं पोर सावरत गप्प बसले. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक डोहाळजेवणाला ते वाक्य निघायचं. बावीस तास मी काय करत होते, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

तर ऐका. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड आधी मऊ आणि पातळ होतं, मग उघडतं. सुरुवातीच्या चार-पाच सेंटीमीटरलाच फार वेळ जातो. कुणाला सहा तास, कुणाला अख्खा दिवस, मध्येच कळा थांबतातही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरायचा. त्याआधीच्या वेळेला ठरलेलं माप नाही, आणि तासाला एक सेंटीमीटर हा हिशोब सगळ्या बायकांना लावू नये. म्हणजे मी रात्री नऊला सुरू झाल्या म्हणाले ते खरं, पण त्या खऱ्या जोराच्या कळा नव्हत्या. तुमच्या बायकोला कुणी विचारलं तर दोन वेळा सांगा : पहिली कळ कधी आली, आणि ठराविक अंतरानं कधीपासून यायला लागल्या. हे दुसरं कुणी आपणहून विचारत नाही. कन्नड येत नसेल तर तीन शब्द पाठ करा. ब्यानी म्हणजे कळा, नीर म्हणजे पाणी, हेरिगे म्हणजे बाळंतपण.

सुरुवातीच्या कळांत सोसायचं काही नसतं, ताकद राखायची असते. रात्र असेल तर डाव्या कुशीवर झोपायचं, कळेपुरतं उठायचं, परत पडायचं. दिवस असेल तर नेहमीचं हलकं काम, अंगणात फेऱ्या. पोटाला मऊ भात, पेज, हुलग्याचं माडगं, थोडं थोडं. पाणी पीत राहायचं आणि दर दोन तासांनी लघवीला जायचं, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही. कळ आली की भिंतीला किंवा तुमच्या खांद्याला पुढे रेलायचं, श्वास तोंडातून हळूहळू सोडायचा. कण्हली तर कण्हू द्या, त्यानं जबडा आणि खालचं अंग सैल पडतं. तुम्ही कमरेच्या खालच्या हाडावर तळहातानं घट्ट दाबून धरा, चोळण्यापेक्षा दाबल्यानं बरं वाटतं. जोर मात्र काढायचा नाही. "काढ गे जोर" म्हणणाऱ्या बायका असतात, त्यांना बाजूला बसवा. एरंडेल कुणी पाजायला आलं तर परत पाठवा, जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं.

अंतर घड्याळावर मोजा. विश्रांती घेतल्यावर किंवा चालल्यावर कमी होतात त्या खोट्या कळा. अंतर घटतंय, कळ लांबतेय आणि बोलता बोलता तिचं वाक्य तुटतंय, त्या खऱ्या. पहिल्या खेपेला पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ, असं तासभर चाललं की निघायचं. अंगावरून चिकट, गुलाबी जाणं ही तयारीची खूण आहे, तेवढ्यानं धावायची गरज नसते.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या लेकीला कळा सुरू झाल्या. ती आईला न उठवता रात्री दोनला माझ्या दाराशी आली. मी तिला माडगं पाजलं, कंबर दाबली, कळांमध्ये ती चक्क घोरत होती. पहाटे जाऊबाई उठून आल्या, दारातूनच म्हणाल्या, "सोस गे बाई." मी म्हटलं, "अक्का, तिला सोसायचं नाही, झोपायचंय. तुम्ही आंघोळीला गरम पाणी तेवढं काढा." त्यांनी काही न बोलता पाणी काढलं. सातला आम्ही निघालो.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. मी डॉक्टर नाही. पाणमोट फुटली तर कळा असोत नसोत, निघायचं. पाणी हिरवट असेल, पाळीसारखं लाल रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप असेल, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, सदतीस आठवडे भरले नसतील, तर घरी एक मिनिट थांबायचं नाही. पाणी गेल्यावर आंघोळही नको. बीपी, जुळं, आडवं बाळ, आधीचं सिझर यांतलं काही असेल, तर डॉक्टर सांगतील तेच, माझं बाजूला ठेवा. त्यांनी पोट रिकामं ठेवायला सांगितलं असेल तर माडगंही नको.

आणि पाच मिनिटांचं माप बेळगावात राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कणकुंबीच्या अंगाला असाल आणि पावसाचे दिवस असतील, तर दहा मिनिटांवर आल्या की गाडी काढा. १०८ ला फोन आधी करा, मोबाईलला रेंज कुठल्या वळणावर येते ते आजच बघून ठेवा. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्या लिहिलेलं सरकारी कार्ड, पिशवीत वर ठेवा. आत सोबत एक बाई राहू देतात का, हे या आठवड्यातच जाऊन विचारा. तुमच्या आईच राहणार असतील, तर हे सगळं आधी त्यांना वाचून दाखवा.