फोनला हेडफोन जॅक नसेल, तर संगीत ऐकण्यासाठी पोर्टेबल डॅक घ्यावा की हेडफोन ॲम्प?

उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचकांनाही कळावे, म्हणून आपल्या प्रश्नातील तपशील आधी थोडक्यात मांडतो. आपला फोन अँड्रॉइड असून त्याला ३.५ मिमीचा जॅक नाही. घरी रात्री ऐकण्यासाठी सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन आहे आणि बसच्या प्रवासासाठी अनेक ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा छोटा भाग) इअरफोन आहेत. ऐकणे मुख्यतः ख्याल आणि वाद्यसंगीताचे आहे. दहा हजार रुपयांत आधी डॅक घ्यावा की पोर्टेबल ॲम्प, हा आपला प्रश्न आहे.

वेगळा ॲम्प घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या ३.५ मिमीच्या जॅकवर २ व्होल्टपर्यंत विद्युतदाब देणारा आणि शक्यतो गेन (ॲम्प संकेत किती पटीने वाढवतो ते प्रमाण) कमी-जास्त करण्याची सोय असलेला डाँगल, म्हणजे फोनच्या टाइप-सी छिद्रात लावायचा छोटा जोड, घ्यावा. असा डाँगल तीन ते सहा हजारांत मिळतो आणि आपल्या दोन्ही गरजा भागवतो. उरलेले पैसे तसेच ठेवावेत.

मुळात ‘डॅक की ॲम्प’ हा पर्याय आपल्यापुढे नाहीच. फोनमधील ध्वनिमुद्रण म्हणजे अंकांची रांग असते. त्या अंकांपासून बदलता विद्युतदाब तयार करणे हे डॅकचे काम, आणि हेडफोनचा पडदा हलवण्याइतका दाब व प्रवाह पुरवणे हे ॲम्पचे. आपल्यासारख्या फोनच्या टाइप-सी छिद्रातून सहसा अंकच बाहेर पडतात, त्यामुळे नुसता ॲम्प आणला तर त्याला जोडायला काही उरत नाही. उलट बोटाच्या पेराएवढ्या डाँगलमध्येही डॅक आणि ॲम्प दोन्ही असतात, कित्येकदा एकाच चिपमध्ये. दुकानदार ज्याला ‘डॅक’ म्हणून विकतो, त्याच्या किमतीतला आणि गुणवत्तेतला मोठा फरक बहुतेक वेळा त्यातील ॲम्पचा असतो.

आता ॲम्पचे गणित पाहू, कारण निर्णय तिथेच होतो. एचडी ६०० चा रोध (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजे इंपीडन्स) ३०० ओहम आहे आणि १ मिलिवॉट शक्तीला तो साधारण ९७ डेसिबल आवाज देतो. ३०० ओहममध्ये १ मिलिवॉट शक्ती पोहोचवायला सुमारे ०.५५ व्होल्ट लागतात. विद्युतदाब दुप्पट केला की आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे १ व्होल्टला सुमारे १०२ आणि २ व्होल्टला सुमारे १०८ डेसिबल. विलंबित ख्यालाची सरासरी पातळी आणि त्यातील सर्वांत जोरकस क्षण यांत २० डेसिबलचे अंतर सहज पडू शकते, तेव्हा सरासरी ७५ ते ८० डेसिबलवर ऐकणाऱ्याला शिखरांसाठी १०० डेसिबलपर्यंत वाव हवा. १ व्होल्टमध्ये हे जेमतेम बसते आणि २ व्होल्टमध्ये आरामात बसते. चित्रपटगीतांच्या अलीकडच्या ध्वनिमुद्रणांत आवाज आधीच दाबून वर आणलेला असतो, म्हणून ती कोणत्याही डाँगलवर खणखणीत वाजतात. जुन्या मैफलींचे मुद्रण मात्र बरेचदा खालच्या पातळीवर असते आणि तिथे १ व्होल्टचा डाँगल पूर्ण उघडूनही आलाप दूरचा वाटतो. ‘माझा हेडफोन चालत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

याच कारणाने ॲपलचा छोटा टाइप-सी डाँगल मी आपल्याला सुचवत नाही. हजार रुपयांच्या आसपास मिळणारी ती वस्तू मापनांत अतिशय चांगली ठरते आणि तिचा निर्गम रोध, ज्याचा अर्थ पुढे सांगतो, साधारण १ ओहमच्या घरात असतो. परंतु अमेरिकेत विकली जाणारी आवृत्ती कमाल १ व्होल्ट देते आणि युरोपातील आवृत्ती तिथल्या ध्वनिमर्यादेमुळे साधारण निम्मेच. त्यातच अनेक अँड्रॉइड फोन या डाँगलचा अंतर्गत आवाज खालच्या पायरीवर ठेवतात आणि फोनची बटणे कितीही दाबली तरी तो वर जात नाही. यूएसबी उपकरणाशी थेट बोलणारे एखादे ॲप वापरून ही अडचण सुटते, पण ती फक्त त्या ॲपपुरती सुटते. टाइप-सी छिद्राच्या आयफोनवर ऐकणाऱ्याला, आणि ३२ ओहमच्या आसपासचे इअरफोन असलेल्याला, मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगेन.

आपल्या बाबतीत खरी गुंतागुंत दुसऱ्या टोकाला, म्हणजे बसमधल्या इअरफोनकडे आहे. अनेक ड्रायव्हरचे इअरफोन कमालीचे संवेदनशील असतात. १६ ओहम रोधाचा आणि १ मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा इअरफोन धरला, तर ९० डेसिबलला त्याला एक शतांश व्होल्टच्या किंचित वर एवढाच दाब पुरतो. एचडी ६०० साठी जो दमदार ॲम्प आपण आणाल, तोच इथे जड होतो. आवाजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच पुरे म्हणायची वेळ येते, आणि दोन तानांमधल्या शांततेत मागून बारीक ‘स्स्स’ ऐकू येत राहते.

मी स्वतः या खड्ड्यात पडलेलो आहे. फोनला जॅक असण्याच्या काळात मी सिगारेटच्या पाकिटाएवढा ॲम्प घेतला होता आणि भाजीच्या जुडीला बांधतात तशा दोन रबरांनी तो फोनच्या पाठीवर आवळून फिरत असे. मोठ्या हेडफोनवर तो उत्तम वाजायचा. इअरफोन लावला की तंबोऱ्याच्या चार तारांबरोबर पाचवी तार त्या खरखरीची लागायची, आणि फोनने नेटवर्क शोधायला घेतले की ‘टिर्र टिर्र’ असा खर्ज मिसळायचा. तीन वर्षांनी त्याची बॅटरी फुगून झाकण वर आले. तशी बॅटरी आता येत नाही, असे दुरुस्ती केंद्राने सांगितले आणि तो विषय तिथेच संपला. रबरे अजून स्वयंपाकघरात कामाला येतात.

इअरफोनच्या बाबतीत आणखी एक आकडा पाहायचा असतो तो निर्गम रोधाचा, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या अंतर्गत रोधाचा. एचडी ६०० ला त्याची फारशी पर्वा नसते, कारण ३०० ओहमपुढे ५-१० ओहम म्हणजे काहीच नाही. अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा रोध मात्र स्वराच्या उंचीनुसार बदलतो. समजा तो एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ४० ओहम आहे. अशा इअरफोनला १० ओहम निर्गम रोधाचा ॲम्प जोडला, तर त्या दोन स्वरक्षेत्रांच्या पातळीत सुमारे ५ डेसिबलचा नवा फरक पडतो. हा फरक कल्पनेतला नाही, कोणालाही ऐकू येणारा आहे. ‘या ॲम्पमध्ये उष्णता आहे’ किंवा ‘हा थोडा कोरडा वाटतो’ अशी वर्णने वाचाल, तेव्हा हे गणित आठवून पाहा, कारण पुष्कळदा ती या एका आकड्याची काव्यमय रूपे असतात. निर्गम रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा प्रघात आहे. आजचे बरे डाँगल १ ओहमच्या आसपास किंवा खाली असतात, त्यामुळे चिंता नको. पण विकणाऱ्याने हा आकडा दिलाच नसेल, तर ती वस्तू सोडून द्यावी.

डॅककडे येतो, आणि इथे मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण हा प्रश्न व्यवहारात सुटलेला आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे प्रमाण ठरले होते. त्यातून २० किलोहर्ट्झपर्यंतचे सर्व स्वर आणि सुमारे ९६ डेसिबलची खोली, म्हणजे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, मिळते. त्याला पुरून उरेल अशी अचूकता आज हजार रुपयांच्या चिपमध्येही असते. खोक्यावरचे ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ हे आकडे चिपची क्षमता सांगतात, आपल्या कानांची नव्हे. बोस्टनमधील मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च क्षमतेच्या मुद्रणाचा संकेत मधूनमधून सीडीच्या प्रमाणातून फिरवून ऐकवला होता. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा श्रोत्यांना बरोबर ओळखता आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे जमले असते तेवढेच. डॅकची चिप ‘सेबर’ मालिकेतली आहे की ‘एकेएम’ कंपनीची यावर होणाऱ्या चर्चा मीही वर्षानुवर्षे आवडीने वाचल्या आहेत, पण खरेदीच्या वेळी त्यांना वजन देऊ नये.

हे मी केवळ वाचून म्हणत नाही. एका रविवारी दुपारी मी एक साधा डाँगल आणि मित्राकडून आणलेले, त्याच्या पंधरापट किमतीचे बॅटरीवाले उपकरण समोरासमोर ठेवले. पहिल्या फेरीत महागडे उपकरण दर वेळी सरस वाटले. जोड जिवंत, तबल्याचा बायाँ भरीव. मग १०० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी लावून दोन्हींच्या जॅकवरचा एसी व्होल्टेज साध्या मल्टीमीटरने मोजला, तेव्हा महागडे उपकरण जवळजवळ दीड डेसिबल मोठे वाजत असल्याचे दिसले. दोन्ही पातळ्या व्होल्टच्या शतांशापर्यंत जुळवल्या. धाकट्या भावाला माझ्या पाठीमागे बसवून नाणे उडवायला लावले आणि तो म्हणेल तेव्हा ओळखायचे असे ठरले. वीसपैकी अकरा वेळा मी बरोबर निघालो. भावाने नाणे खिशात टाकत ‘आता ते परत करून ये’ एवढेच म्हटले. त्या उपकरणाचा दोष नव्हता. जे किंचित मोठे वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, आणि म्हणूनच दुकानात पातळी न जुळवता केलेल्या तुलनेवर विसंबू नये.

मग महागडी, स्वतःची बॅटरी असलेली उपकरणे कोणी घ्यावीत? ९१ डेसिबलच्या घरातील कमी संवेदनशील प्लेनर (सपाट पातळ पडद्याचे) हेडफोन ज्यांच्याकडे आहेत, किंवा ६०० ओहमचा जुना बायरडायनामिक आहे, त्यांना व्होल्ट आणि प्रवाह अधिक लागतो. दिवसभर ऐकणाऱ्यालाही त्यांचा उपयोग आहे, कारण डाँगल आपली शक्ती फोनच्या बॅटरीतून घेतो आणि दमदार डाँगल हाताला कोमट लागतो. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकचेही (यात डाव्या आणि उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) असेच आहे. त्याने साधारण दुप्पट व्होल्ट मिळतात आणि हाच त्याचा मुख्य फायदा. आवाज ‘मोकळा’ होतो वगैरे जे म्हटले जाते, ते बव्हंशी वर सांगितलेल्या मोठ्या आवाजाचेच दुसरे नाव आहे. एचडी ६०० साठी नवी केबल विकत घेऊन तिकडे जाण्याची आपल्याला गरज नाही.

ब्लूटूथ रिसीव्हरचा विचार आपण प्रश्नात केलेला नाही, पण बससाठी तो वाईट नाही. फोन पिशवीत राहतो आणि तार गुंतत नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या एलडॅक पद्धतीत कमाल ९९० किलोबिट प्रतिसेकंद एवढा प्रवाह जातो आणि बसच्या घरघरीत त्याहून अधिकाचा उपयोगही नाही. फक्त त्यालाही बॅटरी असते आणि ती कधीतरी मरते, हे माझ्या अनुभवावरून लक्षात असू द्यावे.

डाँगल निवडताना विक्रेत्याच्या पानावर तीन गोष्टी शोधाव्यात: ३.५ मिमी जॅकवरचा कमाल विद्युतदाब, निर्गम रोध, आणि आवाजाच्या पायऱ्या डाँगलच्या स्वतःच्या आहेत की फोनच्या भरवशावर आहेत. शेवटची गोष्ट आपल्या इअरफोनसाठी महत्त्वाची आहे. फोनच्या पंधरा-वीस पायऱ्यांत ‘फार लहान’ आणि ‘फार मोठा’ यांच्या मधली जागा सापडत नाही, तर स्वतंत्र बटणे असलेल्या डाँगलमध्ये त्याच पल्ल्यात बारीक पायऱ्या मिळतात. गेनची सोय असेल तर बसमध्ये ‘लो’ आणि घरी ‘हाय’ ठेवावे. हेडफोन बदलण्यापूर्वी आवाज खाली आणण्याची सवय मात्र लावून घ्यावी, कारण एचडी ६०० ची पातळी तशीच ठेवून इअरफोन कानात घातले तर होणारा आघात मामुली नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित धरावे आणि ९० डेसिबलवर ती मर्यादा ४ तासांवर येते.

वस्तू घरी आली की परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. रात्री पंखा बंद करून इअरफोन लावावेत, काहीही न वाजवता डाँगल सुरू ठेवावा आणि खरखर ऐकू येते का ते पाहावे. काही डाँगल शांततेत आपोआप मूक होतात, म्हणून पूर्ण शांततेची एखादी फाइल वाजवत ठेवली तर खरे उत्तर मिळते. मग एचडी ६०० लावून आपल्या संग्रहातील सर्वांत खालच्या पातळीवर मुद्रित झालेली मैफल काढावी आणि आलापापासून द्रुतापर्यंत ऐकावी. द्रुताच्या भरात आवाज पाऊण पल्ल्यावर असतानाच आपला हात तो कमी करायला गेला, तर त्या डाँगलमध्ये आपल्यासाठी पुरेसे व्होल्ट आहेत.