लग्नात लाइव्ह बँड ठेवायचा आहे. लॉन घ्यावं की मंगल कार्यालय?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं लग्न मे महिन्यात लातुरात आहे, मुहूर्त गोरज आहे, डीजे नको आणि सहा-सात जणांचा लाइव्ह बँड हवा आहे. मी लातूर-नांदेड भागात लग्नांना आणि ऑर्केस्ट्राला साउंड देतो, त्या अनुभवावरून सांगतो. मे महिन्यात बंदिस्त हॉलच घ्या. पण हॉल बघायला जाल तेव्हा फुलांची सजावट आणि खोल्या नंतर बघा. बँड वाजत असताना पाहुणे कुठे बसलेले असतील, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

आपल्याकडे अक्षता पडल्या की वऱ्हाड जेवायला उठतं. बऱ्याच कार्यालयांत जेवणाची सोय खालच्या मजल्यावर नाहीतर मागच्या शेडमध्ये असते. वर गायक जीव ओतून गातोय आणि समोर खुर्च्या रिकाम्या, हे मला अजूनही बघवत नाही. बँडवर पैसे खर्च करणार असाल तर स्टेज आणि बफे एकमेकांच्या नजरेसमोर असतील अशीच जागा शोधा. ताट हातात घेऊन माणूस गाणं ऐकतो, दाद देतो, फर्माईशही करतो. जेवण वेगळ्या हॉलमध्येच असेल, तर बँडही तिकडेच बसवता येतो का ते विचारा. नवरा-नवरीच्या स्टेजवर त्याला दाटीवाटीनं बसवू नका. तिथं आहेर आणि फोटोंची रांग असते. नुसत्या ड्रमसेटलाच सहा बाय सहा फूट जागा लागते, त्यामुळे बँडला किमान वीस बाय बारा फुटांचा वेगळा मंच हवा.

आता आवाज. रिकाम्या हॉलमध्ये स्टेजवर उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि कान द्या. टाळी लगेच विरली तर हॉल चांगला. ती टणटणत राहिली, तर गाण्याचे शब्द कुणालाच कळणार नाहीत. वर पत्रा, खाली ग्रॅनाइट आणि तिन्ही बाजूंना काच असली की हेच होतं. शंभर फूट लांब हॉलमध्ये ढोलकीची थाप मागच्या भिंतीवर आपटून स्टेजवर परत यायला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचाच ठेका उशिरा ऐकू येतो आणि लय ढासळते. मग साउंडवाला आवाज वाढवतो, त्यानं घुमणं आणखी वाढतं आणि म्हातारी माणसं कानावर हात ठेवून बाहेर जाऊन बसतात. माणसं भरली की घुमणं बरंच कमी होतं, हे खरं. तरी मागच्या भिंतीला मांडववाल्याकडून जाड कापडाचे पडदे चुण्या घालून लावून घ्या. आवाजात पडणारा फरक तुम्हाला लगेच कळेल. छत फार उंच नसेल आणि पीओपीऐवजी छिद्रांच्या मऊ टाइल्सचं सिलिंग असेल तर उत्तमच.

लॉनवर भिंत नसते, त्यामुळे घुमत नाही. पण आवाज पसरून जातो, स्पीकर जास्त लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी अवकाळीचा वारा सुटला की माइकमध्ये नुसतं फडफड ऐकू येतं. शेजारच्या लॉनचाही विचार करा. छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपाससारख्या ठिकाणी लॉन्स एकमेकांना लागून आहेत. दाट तिथीला शेजारी डीजे लागला, तर तुमच्या बासरीचं काय होणार?

वेळेचं गणित कागदावर मांडा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला आतल्या आत आवाज ठेवायची मुभा आहे, पण बाजू उघड्या असलेलं पत्र्याचं शेड म्हणजे बंद सभागृह नव्हे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. लातुरात आणि नांदेडात दवाखाने, शाळा-कॉलेजं गावभर पसरलेली आहेत, तेव्हा कार्यालयाच्या आजूबाजूला पायी एक चक्कर मारून या. गोरज मुहूर्त पावणेसातचा धरला, तरी पाहुण्यांचे सत्कार आणि आशीर्वादाची भाषणं होऊन अक्षता पडायला साडेसात-आठ वाजतातच. बँडला उरतात दोन तास. म्हणून साउंड चेक दुपारीच उरकायला हवा, आणि त्यासाठी हॉल दुपारी ताब्यात मिळणार का, हे बुकिंगच्या आधी विचारा. सकाळच्या मुहूर्ताचं दुसरं लग्न त्याच हॉलमध्ये असेल, तर मिळत नाही.

वीज हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मॅनेजर सांगतो, जनरेटर आहे. त्याला विचारा, जनरेटरवर सगळं चालतं की फक्त दिवे आणि पंखे? थ्री फेज कनेक्शन, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या लाइन, आहे का? साउंडला कुलरपेक्षा वेगळा फेज मिळेल का? मोठे कुलर आणि साउंड एकाच लाइनवर आले, की स्पीकरमधून घरघर येत राहते. अर्थिंग नीट नसेल तर गायकाच्या ओठाला माइकचा झटका बसतो, त्यामुळे तुमच्या साउंडवाल्याला टेस्टर घेऊन स्टेजजवळचा बोर्ड तपासायला सांगा. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या सेकंदांत कीबोर्ड आणि डिजिटल मिक्सर बंद पडतात. परत सुरू होईस्तोवर गाणं तुटतं. तेवढ्यासाठी छोटा यूपीएस आणायला बँडला आधीच सांगून ठेवा.

आणि कलाकारांना दुपारपासून बसायला कुलर असलेली एक खोली मागून घ्या. चाळीसच्या वर उन्हात तबला-ढोलकीचा सूर उतरतो-चढतो, गिटारच्या तारा सैल पडतात, गळा सुकतो. ही खोली, दुपारचा ताबा आणि जनरेटर, या तिन्ही गोष्टी बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या, तोंडी कबुलीवर राहू नका.