घराचा ताबा महिनाभर उशिरा मिळाला, तर किरायेदाराला भरपाई मागता येते का?

हो, मागता येते. तुम्ही लिहिलंय की घरमालकाने 10,000 रुपये अ‍ॅडव्हान्स घेऊन 1 तारखेला ताबा द्यायचं कबूल केलं होतं, पाच आठवडे उलटले, आणि आता येत्या रविवारी किल्ली देतो म्हणतात. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: भरपाई मागणार असल्याचं किल्ली हातात घेतानाच लेखी द्या. नुसती किल्ली घेऊन सामान लावलं, तर मागणी तिथेच कमजोर पडते.

मी आरोग्य सेविका आहे, यवतमाळ जिल्ह्यात. दोन वर्षांपूर्वी बदली झाली. उपकेंद्राचं क्वार्टर गळत होतं, म्हणून गावातच दोन खोल्यांचं नवीन बांधकाम किरायाने घेतलं. 3,500 रुपये महिना, सांदवाडीत बोअर, ताबा 15 जूनला. एका महिन्याचा किराया आणि अ‍ॅडव्हान्स फोनपेवर दिला. जुनी खोली सोडली, छोटा हत्ती भरून सामान आणलं, तर आतल्या खोलीत फरशीच नाही. दारात वाळूचा ढीग, न्हाणीला दार नाही.

घरमालक म्हणाले, "सिस्टर, पाणी पडलं अन् मिस्त्री पेरणीले गेला. आता त्याले कुठून आणू?"

ते खोटं बोलत नव्हते. मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे मिस्त्री, हमाल, ट्रॅक्टरवाला सगळे वावरात असतात. पण मिस्त्री चार दिवस आधीच गेला होता. एक फोन केला असता तर मी सामान हलवलंच नसतं. माझा राग त्या फोनसाठी होता आणि आजही आहे. सामान ओसरीत उतरवलं, संध्याकाळी तिरपा पाऊस आला, गाद्या भिजून दगड झाल्या. लेकीची दहावीची पुस्तकं कुलरच्या पेटीत ठेवली होती, तेवढी वाचली.

सामान एका दुकानदाराच्या गोदामात टाकलं आणि आम्ही मायलेकी तालुक्याला बहिणीकडे राहिलो. किल्ली मिळाली 11 जुलैला, म्हणजे 26 दिवस उशिरा. आदल्या दिवशी तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीस काकांकडे मी दुसऱ्याच कामाला गेले होते. बोलता बोलता हे निघालं. ते म्हणाले, "किल्ली घ्या, पण कागद देल्याशिवाय घेऊ नका."

भारतीय करार कायदा 1872 चं कलम 55 असं सांगतं: वेळेत काम होणं हाच कराराचा गाभा असेल आणि समोरच्याने वेळ चुकवली, तर तुम्ही करार मोडू शकता. पण करार न मोडता उशिरा दिलेलं स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना दिली असेल तरच येते. मी वहीच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: "ठरल्याप्रमाणे ताबा 15 जूनला मिळायचा होता. आज 11 जुलैला किल्ली घेत आहे. 26 दिवसांच्या उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा माझा हक्क मी सोडलेला नाही." दोन प्रती केल्या, एकीवर त्यांची सही घेतली, फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ते सही देत नसतील तर हाच मजकूर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

किती मागायचं ते कलम 73 वर ठरतं. उशिरामुळे सरळ झालेलं, दोघांनाही आधी दिसू शकणारं नुकसान मिळतं, लांबचं ओढूनताणून आणलेलं मिळत नाही. नुकसान कमी ठेवायला तुम्ही काय केलं तेही पाहतात. माझा हिशेब असा होता: 26 दिवसांचा आगाऊ दिलेला किराया 3,033, सामानाच्या दुसऱ्या खेपेची गाडी 2,200, गोदाम 1,200, आणि अर्धं तिकीट असूनही 21 दिवसांचं एसटीचं जाणं-येणं 1,890. एकूण 8,323. गाद्या आणि मनस्ताप मी जोडले नाहीत. गाद्यांची पावती नव्हती, आणि मनस्तापाचा आकडा लावायला बसले की मूळ हिशेबावरून भांडण भलतीकडे जातं. तुमच्या करारात उशिराबद्दल दिवसाला अमुक रुपये असं लिहिलेलं असेल तर कलम 74 पाहा. त्यात वाजवी तेवढी रक्कम मिळते, जास्तीत जास्त लिहिलेल्या आकड्याएवढी.

लेखी करार नाही म्हणून घाबरू नका. माझाही नव्हता. फोनपेची नोंद आणि "15 ले या, घर तयार राहीन" हा त्यांचा आवाजी मेसेज एवढ्यावर माझं भागलं. असे मेसेज पुसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा अनुसूचीत नाव असलेल्या भागांनाच लागू होतो, त्यामुळे खेड्यात "भाड्याचा कायदा इथे चालत नाही" असं कोणी ऐकवेल. करार कायदा मात्र सगळीकडे चालतो.

घरमालकांनी महिनाभर टोलवलं, तेव्हा मी तालुका विधी सेवा समितीत अर्ज दिला. ती कोर्टाच्या आवारातच असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. प्रकरण दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीचं, म्हणून लोक अदालतीत ठेवलं, कोर्ट फी लागली नाही. दोन महिन्यांचा किराया माफ, म्हणजे 7,000 वर मिटलं. तिथे सही करताना विचार करून करा, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही किंवा कबूल झाला नाही, तर दिवाणी दावा उरतो. त्याला करार मोडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

आणि भरपाई हवी म्हणून पुढचा किराया मनाने कापू नका. आधी त्यांच्याकडून तसं लिहून घ्या, नाहीतर थकबाकीदार तुम्हीच ठरता. मी त्याच घरात अजून राहते. घरमालकांच्या सुनेचं बाळंतपण मीच पाहिलं. हक्काचं मागितलं म्हणून बोलणं बंद झालं नाही.

रविवारी किल्ली घेताना मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचा फोटो तारखेसह काढून ठेवा. काम अर्धवट असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.