किडे मोजून पोट भरतं का?

«मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटचा क्लास लावलाय, पण जीव सगळा बागेतल्या किड्यांत. जॅमच्या बाटल्यांत भरून ठेवते. आता म्हणते, कीटकशास्त्रात संशोधन करणार. शेतीतून बाहेर पडावी म्हणून शिकवतोय, तर ही परत शेतीतच! किडे मोजून पोट भरतं का?»
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

नमस्कार दादा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच धंद्यात आहे. २०१० चा हंगाम आठवा. युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या तुमच्या सीसीसीचा, अंश सापडला आणि माल अडकला. कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं, हे तुम्ही आज यादीत बघता. ते कुणीतरी नमुने तपासून, आकडे लिहून ठरवलेलं असतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात हेच काम चालतं. तुमची बाग डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे त्या जातीच्या मुळांवर कलम केलेली, असेल, तर तो खुंट खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतो, हेही कुणीतरी वर्षानुवर्षं बघितलं तेव्हाच कळलं. तेव्हा पोट भरतं, दादा. तुमचंसुद्धा त्यावरच भरतंय.

पण वाट लांब आहे, ती झाकून ठेवत नाही. बीएस्सी अ‍ॅग्री चार वर्षं, कीटकशास्त्रात एमएस्सी दोन, वर पीएचडीची तीन-चार. त्यानंतर शास्त्रज्ञपदाची स्पर्धा परीक्षा, आणि जागा मोजक्याच. डॉक्टरचा मुलगा दवाखाना थाटतो त्या वयात ही शिष्यवृत्तीवर असेल. खासगीत बियाणं कंपन्या, जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळा, निर्यातीच्या तपासणी लॅब आहेत. तिथे एमएस्सीवरही काम मिळतं.

क्लास मात्र बंद करू नका. जीवशास्त्राचा अभ्यास वाया जात नाही. कृषी प्रवेशाला सीईटी लागते, ती पीसीबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, घेऊन देता येते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं डोळ्यासमोर ठेवा. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची शेती, बघा, आणि पोरांचे हात मातीत जातात का ते विचारा.

खरी अडचण वेगळीच आहे. बाटलीत किडे भरणं म्हणजे हौस. संशोधन म्हणजे तोच किडा शंभरदा मोजणं, आणि आकडा मनासारखा आला नाही तरी तोच लिहिणं. पुष्कळ हुशार मुलं इथेच कंटाळतात.

म्हणून एक करा. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी वाढल्या की तिला दर रविवारी सकाळी तासभर बागेत सोडा. वेगवेगळ्या ओळींतली दहा झाडं खुणेनं ठरवून द्या. कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा. बारीक, पिवळट, सुईच्या टोकाएवढे थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, सरपटताना दिसतील. ते उडायच्या आत मोजायचे. तारीख, झाडाचा नंबर, आकडा. त्या आठवड्यात तुम्ही काय फवारलंत ते शेजारच्या रकान्यात. आणि हो, खोटं सांगू नका तिला. एखादी फवारणी वाया गेली असेल तर तीही लिहू द्या.

फुलोरा संपेपर्यंत वहीत एकही रविवार कोरा राहिला नाही, तर वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. मग कुठलं विद्यापीठ, ते आपण तिघं मिळून बोलू.